चौथा एलाय

"हा पण एलायच? मिस्टेक आहे का, सर?" छायाने विचारलं.

हार्लनसाहेब हसले. दुबईच्या जबल अली बंदरातल्या त्या गोदामाच्या ऑफिसात बाकीचे माल मोजत आणि हे मॅनेजर आपले पूर्वज. अमेरिकेतल्या आपल्या कौंटीचा, म्हणजे जिल्ह्याचाच म्हणा, जुना इतिहास ते लिहीत होते: जंगल कोणी तोडलं, पहिली गिरणी कोणाची, कोणाची सोयरीक कुठे झाली. सुट्टीवरून येताना लोक चॉकलेटं आणतात, हे थडग्यांचे फोटो आणत. टाइप करायला छाया होतीच, सातव्या महिन्यातसुद्धा.

या फोटोत तीन बुटके दगड होते, शेजारीशेजारी. तिन्हींवर एकच नाव.

"मिस्टेक नाही," साहेब म्हणाले. "तेव्हा मूल गेलं की पुढच्याला तेच नाव देत. चौथा एलाय जगला. माझ्या पणजोबांचा आजा तो."

छायाच्या पोटात बाळाने लाथ मारली. तिने फोटो पालथा घातला.

करामा भागातल्या घरी आल्यावर तिने हे नवऱ्याला सांगितलं, तिथेच चुकलं. त्यांचा पहिला मुलगा निनाद गेल्या वर्षी तापाने गेला होता, तीन महिन्यांचा होऊन. सूर्यकांतचा चेहरा एकदम उजळला.

"बघ! त्यांच्यातपण आहे. मी तुला म्हणत होतो ना, मुलगा झाला तर निनादच ठेवायचं! चौथा जगला की नाही?"

"आणि आधीचे तीन?"

"तू नेहमी वाईटच बघ."

तो शेवटून मोजत होता, ती सुरुवातीपासून.

"आमच्याकडे मूल जगावं म्हणून धोंडू ठेवतात, दगडू ठेवतात," छाया म्हणाली. "काळाला हाक ओळखू येऊ नये म्हणून."

"दुबईत धोंडू? स्कूलमध्ये काय सांगणार? मी ताईशी बोललोय. नाव फायनल, खलास!"

"अहो, त्याचं काय उरलंय आपल्याकडे? त्याच्या जागेवर दगडसुद्धा नाही. एक नाव आहे, तेवढं राहू द्या त्याच्यापाशी."

सूर्यकांतने टीव्हीचा आवाज वाढवला. माणूस वाईट नव्हता. रडू आलं की तो टीव्ही मोठा करायचा.

मुलगाच झाला. बारसं शुक्रवारी दुपारी ठेवलं. पाळण्याला झिरमिळ्या लावल्या, घुगऱ्या शिजल्या, शेजारची रत्नागिरीची रुकय्या गजरे घेऊन आली. बाळाची आत्या पुण्यात, म्हणून नाव फोनवरून सांगायचं ठरलं. सूर्यकांतने नंबर लावला आणि रिसीव्हर छायाच्या हातात दिला.

"यल्ला, चल लवकर, बाळाच्या कानाला लाव. लाइन कट होईल."

छाया पाळण्यावर वाकली. पदर पुढे आला होता, त्याच्या आड तिने बाळाचा कान तळव्याने घट्ट झाकला आणि रिसीव्हर त्या तळव्यावर टेकवला. नणंदेने ओरडून कुर्रर्र केलं. मग नाव सांगितलं. ते छायाला आपल्या हातावर जाणवलं, माशी बसावी तसं. तिने हात हलू दिला नाही.

"ऐकलं का गं बाळाने?" नणंदेने विचारलं.

"ऐकलं, वन्सं."

रिसीव्हर परत देताना तिने बाळाच्या दुसऱ्या कानाशी तोंड नेलं आणि ओठातल्या ओठात म्हटलं, "धोंडू."

रुकय्याने सगळ्यांच्या हातावर घुगऱ्या ठेवल्या. "बाल कसा गप निजलाय बघा," ती म्हणाली.

सूर्यकांतचे डोळे भरून आले होते. आज टीव्ही बंद होता. तो पाळण्याशी आला, दोरी हातात धरली आणि वर्षभर त्या घरात कोणी मारली नव्हती ती हाक त्याने मारली.

"निनाद!"

बाळ झोपलेलंच राहिलं. छायाने मात्र, हाक ओळखून कोणी आलं की काय तसं, चटकन मान वळवून बंद दाराकडे पाहिलं.