सायलेन्सरची खोटी साक्ष

मी एक जुना सायलेन्सर आहे. जुना वयाने; काम मी जेमतेम तीन महिने केलं. माझा राग तिथूनच सुरू होतो, मित्रांनो.

कारखान्यात मला एका लाल स्पोर्ट्स कारच्या पोटाखाली बसवलं. इंजिनाचा गोंगाट मी गिळायचा, एवढंच माझं काम. गाडीला पाच वर्षांची वॉरंटी होती. ती एका नवरा-बायकोने मिळून घेतली. बायको फिजिओथेरपिस्ट. तीन वर्षं गाडी फिरवायची, मग चांगल्या भावात विकून तिचा स्वतःचा दवाखाना काढायचा, असं दोघांचं ठरलं होतं.

पण एका गॅरेजवाल्याने नवऱ्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. मला काढून तिथे बोंबलणारा पाइप लावला आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये ढवळाढवळ करून ताकद वाढवली. बायकोने विचारलं, तर नवरा म्हणाला, जुना सायलेन्सर खराब निघाला. खराब, आणि मी! हा आळ घेऊन मी दोन वर्षं माळ्यावर धूळ खात पडलो. खालून गाडी गेली की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी इंजिनाने मान टाकली. तेव्हा साहेबांना माझी आठवण झाली! घाईघाईने मला परत बसवलं, कॉम्प्युटर पहिल्यासारखा केला आणि बंद गाडी ओढून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. बायकोही सोबत होती. मला खोटी साक्ष द्यायला उभं केलं होतं.

तिथल्या इंजिनिअर बाईंनी माझ्या तोंडात टॉर्च मारला.

"गाडी तीस हजार किलोमीटर चाललीये," त्या शांतपणे म्हणाल्या, "आणि सायलेन्सरमध्ये कोळ्याचं जाळं?"

मग त्यांनी लॅपटॉप जोडला. कॉम्प्युटरमध्ये केलेल्या बदलांची नोंद आत होतीच. वाढवलेल्या ताकदीनेच पिस्टन फुटला, त्यामुळे नवं इंजिन वॉरंटीत मिळणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

बायकोने एवढंच विचारलं, "हा सायलेन्सर खराब आहे का हो?"

"नाही. अगदी चांगला आहे."

ती नवऱ्याकडे बघत राहिली. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

गॅरेजवाल्याने हात वर केले. जुन्या गाड्यांच्या दलालाने, असली छेडछाड केलेली गाडी कोण घेणार म्हणत, भंगाराचा भाव दिला. आता मी त्याच्याच आवारात गाडीखाली गंजतो आहे.

मित्रांनो, गाडीत बदल करण्याआधी वॉरंटीचे नियम वाचा. काढलेले भाग नीट जपा. पण त्याच्याही आधी, गाडी जिची अर्धी आहे तिला विचारा. ती अजून दुसऱ्याच्या दवाखान्यात दिवसभर उभी राहून लोकांचे गुडघे वाकवते आहे. तिला कुणी विचारलं नव्हतं.