चैत्याचा हंडा

सरकारने मजुरीचा दर वाढवला तेव्हा नरपडच्या गोविंदरावांनी जराही कुरकुर केली नाही. माणूस कायद्याचा पक्का. इतका पक्का, की जे कायद्यात लिहिलेलं नव्हतं ते त्यांनी दुसऱ्याच दिवशी बंद करून टाकलं. त्यांच्या चिकूच्या वाडीत मजुरांना दुपारी नागलीची पेज मिळायची आणि सांजेला सरपणाची मोळी. दोन्ही गेलं. मुकादम तुक्या म्हणाला, "रोख वाढली ना? मग पेज कशाला मागता?"

हातात नाणी जास्त आली, हे काही खोटं नव्हतं. पण गंगीचं घर त्या पेजेवरच चालत होतं. अर्धी ती प्यायची, अर्धी वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून पाड्यावर लेकीला, जिवलीला न्यायची. आता नागली डहाणू रोडच्या दुकानातून, सरपणही विकत. वाढलेले पैसे वाटेतच संपायचे, वर रोजच्यातलेही जायचे, आणि तुंबा काही भरत नसे. जिवलीच्या बरगड्या दिसू लागल्या.

वाडीत पेज रांधायचं काम गंगीच्या नवऱ्याचं, चैत्याचं. पेज झाली की तो पळीने हंड्याची कड वाजवायचा आणि सगळे कुदळी टाकून आंब्याखाली ओळीने बसायचे. गेल्या पावसाळ्यात वाडीच्या विहिरीवर पाय घसरून तो गेला. त्यानंतर मजूर पाळीपाळीने रांधायचे, पण हंडा कुणी वाजवत नसे.

पेज बंद झाली आणि थोड्याच दिवसांत भर दुपारी हंडा वाजला. चूल थंडगार, हंडा गोविंदरावांच्या बायकोच्या, बकुळाबाईंच्या कोठीत पालथा. तरी सगळ्यांनी ऐकला. सवयीने माणसं आंब्याखाली जाऊन बसलीसुद्धा, पुढ्यात पानांचे द्रोण ठेवून. भानावर आल्यावर एकेक जण मान खाली घालून उठला. गंगी मात्र बसून राहिली. तिला भीती वाटली नाही. नवऱ्याचा हात तिने ओळखला होता, आणि इतक्या महिन्यांनी कुणीतरी तिला जेवायला बोलावत होतं.

मग तो रोजच वाजू लागला. बाकीचे कानावर हात ठेवायचे, गंगी वाट बघायची.

एका सांजेला तिने तुंबा पुढे केला तर जिवलीने तोंड फिरवलं.

"मना भूक नाय, आये. बानी पेज दिली."

"कुठं?"

"आंब्याखाली. रोज हंडा वाजवतो, नाय का?"

गंगीने तुंबा खाली ठेवला. पोर पाड्यावरून हललेली नाही, अंगावर मांस नाही आणि म्हणते पोट भरलंय! मेलेल्याच्या हातचं जो खातो तो त्याच्याच ओळीत जाऊन बसतो, असं पाड्यावर सगळे मानत.

सकाळी ती गोविंदरावांच्या पडवीसमोर उभी राहिली. "शेट, वाढ परत घ्या. पेज द्या."

"वेड लागलंय का तुला? कमी दिलं तर मला दंड होईल." गोविंदराव खरोखर घाबरले होते. भुताला नाही, कायद्याला.

मग गंगीने मजुरांपुढे पदर पसरला. तिच्याबरोबर राबणाऱ्या बाबल्याने आधी वाढीचे पैसे टाकले, मागून सगळ्यांनी. बकुळाबाईंनी नवऱ्याला न सांगता हंडा काढून दिला. दुसऱ्या दिवशी गंगी लेकीला बरोबर घेऊनच वाडीत आली आणि तिने चूल पेटवली. पेज शिजली, पण तिचा हात पळीकडे जाईना. आपण वाजवला की तो पुन्हा वाजवणार नाही, हे तिला आतून कळत होतं.

तिने वळून पाहिलं तर जिवली आंब्याखाली एकटीच बसली होती. रिकामा द्रोण ओठांना लावून घोट घेत होती.

गंगीने पळी उचलली आणि हंड्यावर हाणली. रडत रडत हाणत राहिली. माणसं धावत आली. जिवलीने द्रोण खाली ठेवला, आईकडे पाहिलं.

"आये, मना भूक लागली."

वाढ होती तेवढी सगळी हंड्यात गेली. घरी न्यायला पूर्वीइतकीच नाणी उरली आणि पूर्वीइतकाच तुंबा. जिवली अंग धरू लागली. त्यानंतर वाडीत हंडा वाजायचा तो गंगीच्याच हाताने. वाजवून झाल्यावर ती क्षणभर कान देऊन उभी राहायची. मग बाबल्या हळूच म्हणायचा, "वाढ गं गंगे, पेज निवते."