मिस्त्रींचं गलबत

आमच्या पपांच्या नावेला मांडवगण फराट्यात कुणी काहील म्हणे, कुणी कोंबड्यांचं खुराडं. पपा मात्र तिला गलबत म्हणायचे आणि दुसरं काही म्हटलेलं त्यांना खपत नसे. "होडी वल्ह्यांवर चालते, जहाज वाऱ्यावर. जे दोन्हींवर चालतं आणि कमरेएवढ्या पाण्यातही शिरतं, ते गलबत," असं ते ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्यालाही सांगत. त्यांचे वडील रेवदंड्याला अशाच गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. ते बुडून गेले, तेव्हा चौदा वर्षांचे पपा शिरूरच्या मिशनमध्ये आले, सुतारकाम शिकले आणि अब्राहाम मिस्त्री झाले. पुढे आई मांडवगणला शाळेत शिकवायला लागली, म्हणून आम्ही भीमेच्या काठी राहायला आलो. पण समुद्र काही त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. तीन वर्षं खपून त्यांनी बावीस फूट लांबीचं, एका डोलकाठीचं ते गलबत बांधलं आणि पलीकडे दौंड तालुक्यात माणसं ने-आण करायला लागले. लोक हसत आणि हसत हसत त्यातच बसत.

मी ग्लॅडिस, त्यांची एकुलती एक. छप्पन्न साली मी वीस वर्षांची होते, शिक्षिकेची परीक्षा पास होऊन नेमणुकीची वाट बघत घरी बसले होते, आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं. समुद्र मी फक्त चित्रात पाहिला होता. माझं बालपण गेलं कडब्याच्या गाड्यांवर.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी ज्ञानू धावत घाटावर आला. ज्ञानू म्हणजे बानूबाईचा दीर. त्यांच्या घरानं मेंढरं विकून कधीच शेती धरली होती, पण विधवा बानूबाईनं पंधरा मेंढरं आणि चांद्या नावाचा एडका स्वतःसाठी ठेवला होता. सकाळी गुडघाभर पाण्यातून ती त्यांना नदीतल्या बेटावर चरायला घेऊन गेली होती.

"मिस्त्रीमामा, पाणी चढतंय. वैनी बेटावर हाय," ज्ञानू म्हणाला.

आमच्याकडे लख्ख ऊन होतं. पाऊस वर, पुण्याच्या बाजूला घाटात झाला असणार. नदी मात्र लाल झाली होती, फेस आणि काटक्या घेऊन येत होती. बेटाचं अर्धं गवत दिसेनासं झालं होतं. पपांनी एकदाच नदीकडे पाहिलं आणि वल्ही उचलली. ज्ञानू चढला, मीही चढले. त्यांनी मला नको म्हटलं नाही, कारण शिडाला माणूस हवाच होता.

जाताना वारा पाठीशी होता. बेटावर पोचलो तेव्हा बानूबाई घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती आणि मेंढरं तिच्याभोवती दाटीनं उभी होती.

"बानूबाई, बसा लवकर," पपा म्हणाले.

"आधी मेंढरं."

"मेंढरं नेली तर गलबत जड होईल. वारा फिरलाय, आडवा आहे आता."

"मंग तुमी जावा माघारी. मी हितंच हाय," ती म्हणाली आणि खरंच खाली बसली. लुगडं पाण्यात भिजलं तरी हलली नाही. ज्ञानूनं हात जोडले, मी ओरडले, पण पालथ्या घड्यावर पाणी. पाणी तोवर नडगीपर्यंत आलं. शेवटी पपा म्हणाले, "आण."

तिनं चांद्याचा कान धरला आणि त्याला आत घेतलं. मग काही सांगावं लागलं नाही. एकामागं एक पंधराही आत आली. पपांनी बानूबाईला चांद्यासकट वाऱ्याच्या अंगाला बसवलं. एडका जिथं, तिथं कळप, हे तिनंच सांगितलं, आणि वजन त्या बाजूला राहिलं तर गलबत कलणार नाही, हे पपांनी. ज्ञानू वल्ह्यांवर बसला, पपांनी सुकाणू धरलं. माझ्या हातात शिडाच्या खालच्या टोकाची दोरी दिली.

"झुळूक आली की सैल सोड. गेली की ओढ," ते म्हणाले. "बांधायची नाही. ग्लॅडिस, काहीही झालं तरी बांधायची नाही."

निम्मी नदी नीट गेली. दोरी तळव्यात रुतत होती, कातडं सोलत होतं, तरी मी धरून होते. मग एक कोकरू माझ्या पायाखाली घसरलं आणि त्याचं डोकं काठाबाहेर गेलं. त्याला एका हातानं ओढता येईना. मी काय केलं, ते मला आजही दिसतं. कडब्याची गाडी भरल्यावर मारतात तशी दुहेरी गाठ मी बसायच्या फळीला मारली. आमच्याकडे सैल दोरी म्हणजे फजिती, भरलेली गाडी वाटेत उलटायची. घट्ट बांधणारा तो शहाणा. मी शहाणपणा केला आणि दोन्ही हातांनी कोकरू आत ओढलं.

तेवढ्यात वारा आला.

शीड फुगलं आणि गलबत एका अंगावर गेलं. काठावरून पाणी आत आलं. "सोड," पपा ओरडले. मी गाठीला नखं लावली. ओली गाठ दगडासारखी झाली होती. मेंढरं खालच्या बाजूला घसरली आणि त्यांच्या वजनानं गलबत आणखी कललं. सुकाणू सोडलं असतं तर आम्ही फिरून उलटेच झालो असतो. पपा मला नुसतं "सोड, सोड" म्हणत होते. ज्ञानू माझ्याकडे सरकायला बघत होता, पण मधे मेंढरांची भिंत होती. मी मरणार असं मला वाटलं नाही. माझ्या हातानं पपा मरणार असं वाटलं, आणि ते फार वाईट होतं.

बानूबाईनं गाठ पाहिली, मला पाहिलं, मेंढरांना पाहिलं. मग चांद्याला मिठी मारल्यासारखं उचललं आणि खालच्या काठावरून नदीत ढकलून दिलं.

कळप त्याच्या मागं गेला. एक, दुसरं, तिसरं, कुणीही न हाकता. दर उडीला गलबत थोडं वर येत होतं. शेवटी माझं ते कोकरूही गेलं. गलबत सरळ झालं. ज्ञानूनं येऊन दातांनी गाठ सोडवली, आणि शीड मोकळं होऊन फडफडत राहिलं.

आम्ही काठाला लागलो तेव्हा तिथं उंटावरचे शहाणे जमले होते. खाली वळणावर पाच मेंढरं बाहेर आली, लोकर पाण्यानं जड झाल्यानं उभीही राहीनात. चांद्या त्यांत नव्हता.

"मिस्त्री, ह्ये कसं झालं?" सोपानराव पाटलांनी विचारलं. "गलबत म्हणून मिरवीत व्हता नव्हं?"

"माझी चूक," पपा म्हणाले. "शिडाची दोरी मी बांधली होती."

मी त्यांना आयुष्यात खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, ते कारभार बघणाऱ्या वडीलमंडळात होते. आणि तांडेलाच्या पोरानं चार लोकांत असं म्हणणं म्हणजे सुतारानं आपल्याला माप घेता येत नाही म्हणण्यापैकीच. ते माझ्याकडे बघतही नव्हते. मी गप्प राहिले असते तर ती गोष्ट तिथंच संपली असती. उद्यापासून त्यांच्या गलबतात कुणी पाय ठेवला नसता, आणि मी नेमणुकीवर निघून गेले असते.

"पपा खोटं बोलतायत," मी म्हणाले. "दोरी मी बांधली. त्यांनी नको सांगितलं होतं."

बानूबाई पाच मेंढरांजवळून उठली, माझ्यासमोर आली आणि माझ्या कानाखाली एक वाजवली. डोळ्यांपुढं काजवे चमकले. मला वाटलं, आणखी एक देईल. द्यावी असंही वाटलं. पण ती नुसती उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं तसं माझ्याही आलं.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "गाठ म्या बघितली व्हती. तू बोलती का न्हाई, त्येच बघत व्हते."

मग तिनं माझा सोललेला हात मनगटाला धरला आणि मला मेंढरांकडे ओढत नेलं. "चल. लोकर पिळायची हाय. न्हाईतर हीबी गारठून मरत्याल."

आम्ही दोघी चिखलात बसलो. मी पिळत होते, ती पुसत होती. तिन्हीसांजेपर्यंत पाचही उभी राहिली.