इथला सूर्योदय

बाबांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला होता. "मधला भाग अजून शाबूत आहे. तोही सरकला तर पुन्हा दिसेल याची खात्री नाही," असं डॉक्टर काल म्हणाले होते आणि ऑपरेशनला आज सकाळी साडेनवाची वेळ दिली होती. दहा वाजून गेले तरी बाबा बाकावरच. धाकटीने काउंटरवर विचारलं, तेव्हा कळलं की दादाने परस्पर वेळ बदलून पावणेअकराची करून घेतलीय.

ती तरातरा परत आली. "का रे?"

"शनिवार आहे. नऊ ते साडेदहा राहुकाळ," मोबाइलमधून मान वर न करता दादा म्हणाला. "तासाभराने काय आभाळ कोसळतंय?"

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुठून काढलंस हे?"

"कॅलेंडरमधून. तुझ्यासारखं मनाने नाही."

"ते कॅलेंडर मायदेशातल्या आपल्या गावचं. तिथे सहाला उजाडतं. अरे, सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे आठ भाग करायचे, त्यातला शनिवारी तिसरा भाग राहुकाळ. इथे इतक्या उत्तरेला थंडीत सूर्य उगवतो आठला, मावळतो चारला. कर हिशेब."

दादाने बोटं मोजली. "दहा ते अकरा."

"मग? मोकळी वेळ सोडलीस आणि बाबांना नेमकं राहुकाळात ढकललंस. मानायचंच तर नीट तरी मान, शहाण्या."

दादा उठला.

"कुठे निघालास?"

"अकरानंतरची वेळ मागायला."

"अकरानंतर टेबल नाही. थेट सोमवारी."

"मग सोमवारी. हिशेब तूच केलास ना?"

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. राग दादाचा जास्त येतोय की स्वतःच्या जिभेचा, तिला कळेना. तिने त्याची बाही गच्च धरली.

"सोड."

"नाही सोडत."

तेवढ्यात सिस्टर दारात आली. "चला आजोबा, टेबल लवकर मोकळं झालंय."

"बाबा, बसा," दादाने त्यांचा हात धरला. बाबांनी तो झटकला. धाकटीने आपला हात पुढे केला, तोही झटकला.

"तुम्ही दोघं बसा हिशेब करत. डोळा माझा जातोय."

भिंत चाचपत ते निघाले. वाटेत ट्रॉलीवर आदळले, तिला एक शिवी हासडली आणि सिस्टरच्या मागोमाग आत गेले. धाकटीच्या मुठीत दादाची बाही तशीच होती.