नुसती हळद

सुचित्राचं संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे सिंगापूरच्या टॅम्पिनीसमधल्या मराठी बायकांत मोठं प्रस्थ. फ्लॅट भाड्याचा, पण थाट विचारू नका.

यंदा तिची आई, संजीवनीबाई, पुण्याहून आली होती. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. बायका यायच्या सुमारास आई आपणहून आतल्या खोलीत जाऊन बसली. "अगं, बाहेर बस की," एवढं म्हणायला सुचित्राला काय झालं होतं? तिने नुसतं दार ओढून घेतलं. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. पण बेल वाजली आणि ती लाज मागे पडली.

शेजारच्या फ्लॅटमध्ये वेरा नावाची कोरियन मुलगी राहायची. तिची आजी ओक-सून कोरियाहून महिनाभर आली होती, सोबत एक म्हातारेबुवा. रोज संध्याकाळी दोघं खाली बाकावर बसत. "काय गोड जोडपं!" म्हणत सुचित्राने आजींना अगत्याने बोलावलं. मिरवायला परदेशी पाहुणी बरी असते की.

तिने आजींना हळद लावली, तोच तिच्या मैत्रिणीला, नीताला, चेव आला. "आजींनी पण नाव घ्यायचं हं! सोडायचं नाही!"

नवऱ्याचं नाव घ्यायचं असतं, हे वेराने आजीला समजावलं. आजी लाजल्या. मग ताठ बसून स्पष्ट म्हणाल्या, "दाल-सू."

"खाली बसलेत तेच ना?" नीताने इंग्रजीत विचारलं.

"नाही," वेरा म्हणाली. "माझे आजोबा खाणीतल्या अपघातात वारले. मी जन्मायच्या आधीच."

मग तिने सगळं सांगितलं. लढाईच्या काळात जपान्यांनी कोरियन माणसं सखालिन बेटावर कोळशाच्या खाणीत राबायला नेली. लढाई संपली, बेट रशियाकडे राहिलं आणि ही माणसं तिथेच अडकली, आजी-आजोबाही त्यांतलेच. दोन हजार साली कोरियाने परत बोलावलं, पण फक्त म्हाताऱ्यांना. मुलांना परवानगी नाही. वर, घर दोघांत मिळून एक, एकट्याला नाहीच. मग आजीने ओळखीच्या एका विधुराबरोबर, म्हणजे खाली बसलेल्या त्या म्हाताऱ्यांबरोबर, जोडी लावून घेतली. मुलं मागे राहिली, त्यातच वेराची आई.

सुचित्राचं बोट कुंकवात बुडालेलं होतं. ते वर आलं आणि आजींच्या कपाळापाशी थांबलं. सगळ्या बायका बघत होत्या. सुचित्राने बोट हळूच पदराला पुसलं आणि घाईघाईने वाणाचा डबा आजींच्या हातात ठेवला.

आजींनी ते पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि पुटपुटत काहीतरी म्हटलं.

"ती माफी मागतेय," वेरा म्हणाली. "म्हणते, पोटच्या पोरांना सोडून परक्या माणसाबरोबर आलेल्या बाईला असंच वागवणार. इथे यायलाच नको होतं."

"नाही नाही, तसं नाही!" सुचित्रा म्हणाली. मग कसं? ते मात्र तिच्या तोंडून निघेना. कपाळावर नुसती हळद घेऊन आजी निघून गेल्या.

पाहुण्या पांगल्यावर सुचित्रा कुंकवाचा करंडा घेऊन आतल्या खोलीत गेली. तिला स्वतःची शिसारी आली होती. "आई, तुला लावते."

संजीवनीबाईंनी तिचा हात बाजूला केला. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"दाराआडून सगळं ऐकलंय मी. आता सगळ्या गेल्यावर मला लावून काय करतेस? त्या बाईला वाटतंय, पोरं सोडली म्हणून तू हात आखडलास. आधी जा आणि खरं कारण सांग तिला."

सुचित्राने करंडा खाली ठेवला. "काय सांगू, आई? कोणत्या तोंडाने सांगू?"

आई उठली. पलंगाखालून तिने चपला ओढल्या.

"मग मी येते बरोबर. तू काही बोलू नकोस. माझं हे कोरं कपाळ बघितलं की कळेल तिला."