मी बसते सामानापाशी

मोठीला आज काही झालं तरी राजवाड्यात जायचं होतं. सहलीचा हा शेवटचा दिवस होता, आणि परदेशात काही कुणी पुन्हा पुन्हा येत नाही. आज राहिलं ते कायमचं राहिलं.

मोठी म्हणजे घरातली थोरली सून. लग्न होऊन आली त्या दिवसापासून सासूबाई तिला मोठी म्हणायच्या, आणि गंमत म्हणजे तेव्हा धाकटीचा पत्ताही नव्हता. दीर अजून अर्ध्या चड्डीत होता. शाळेत तिला चित्रकलेच्या बाई म्हणत. या दोन हाकांच्या मध्ये तिचं स्वतःचं नाव कुठेतरी पडून राहिलं होतं आणि तिलाही त्याची फारशी आठवण येत नसे.

त्या शाळेतल्या वर्गात, फळ्याच्या बाजूला, एक जुनं छापील चित्र टांगलेलं होतं. दारात उभी असलेली एक तरुण मुलगी. चेहऱ्यावर उजेड, हनुवटी जरा वर उचललेली, आणि गळ्याखाली सगळा काळोख. तिच्या दोन्ही हातांत काहीतरी आहे एवढं दिसे, पण छापणाऱ्याने काळी शाई अशी काही ओतली होती की काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. दरवर्षी नवी मुलं यायची आणि दरवर्षी विचारायची, "बाई, तिच्या हातात काय आहे?" बाई म्हणायच्या, तुम्हीच काढून दाखवा. मग कुणी मांजर काढी, कुणी झोपलेलं बाळ, आणि एका वात्रट पोरीने तर चांगलं लाल शेऱ्यांचं प्रगतिपुस्तक काढून दिलं होतं. बाईंचं स्वतःचं उत्तर ठरलेलं होतं, पण ते त्या कुणाला सांगत नसत. त्यांच्या मते ते गाठोडं होतं. मुलगी घर सोडून निघाली होती. उगाच का हनुवटी एवढी वर? "मान बघा तिची, किती ताठ," त्या मुलांना सांगत, आणि सांगताना त्यांची स्वतःचीही मान ताठ होई.

ते मूळ चित्र या शहरातल्या राजवाड्यात होतं. सहलीचं ठरत असताना दिराने कुठे जायचं विचारलं, तेव्हा मोठीनेच या शहराचं नाव सुचवलं होतं. का, ते कुणी विचारलं नाही. एका चित्रासाठी माणूस एवढ्या लांब जातो हे आपणहून सांगायचं तिच्याही जिवावर आलं.

आता तिच्या माहेरची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. माहेरी कुणी काही पुढे केलं की आधी नको म्हणायचं. समोरच्याने आग्रह करायचा. मग पुन्हा नको म्हणायचं, पण जरा मऊ आवाजात. मग समोरच्याने शपथ घालायची आणि आपण उपकार केल्यासारखं घ्यायचं. सासरची माणसं सरळ. त्यांच्याकडे नको म्हणजे नको, आणि आग्रह म्हणजे जबरदस्ती. यात वाईट कुणीच नव्हतं. पण केस पांढरे व्हायला आले तरी हे मोठीच्या अंगवळणी पडू नये, याला काय म्हणावं?

आणि सासऱ्यांची रीत आणखी वेगळी. आपलं सामान परक्याच्या हाती द्यायचं नाही. त्यांच्या लग्नाला निघताना कपड्यांची ट्रंक स्टेशनावरच्या सामानघरात ठेवली होती. ती गेली ती गेलीच. लग्नाच्या फोटोत सासरे मामांच्या कोटात उभे आहेत, आणि मामा अंगाने दुप्पट. तो फोटो दिवाणखान्यात लावलेला आहे आणि त्या कोटाचा राग अजून ताजा आहे. संग्रहालयवाले तर मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत, काउंटरवर जमा करा म्हणतात. सासऱ्यांच्या काळ्या बॅगेत सगळ्यांचे पासपोर्ट, सासूबाईंच्या गोळ्या आणि घरून आणलेला खाऊ. ती बॅग जमा करणं या जन्मी शक्य नव्हतं.

तेव्हा पहिल्याच दिवशी, पहिल्याच संग्रहालयाच्या दारात सगळे घुटमळले. मोठी म्हणाली, "मी बसते सामानापाशी. तुम्ही या बघून."

"ताई, तुम्हाला नाही बघायचं?" धाकटीने विचारलं.

"नको गं. माझे पायही जरा दुखताहेत."

पाय ठणठणीत होते. हे नुसतं पहिलं नको होतं. आता आग्रह होईल, आळीपाळीने बसू म्हणतील, म्हणून मोठीने पर्सची चेनसुद्धा लावून घेतली.

"बरं," सासूबाई म्हणाल्या, आणि सगळे आत गेले.

ते जे सुरू झालं ते थांबेना. संग्रहालय आलं की सगळे न सांगता आपापल्या बॅगा, टोप्या, जॅकेटं मोठीच्या स्वाधीन करत. तिने या शहरातले कॅफे तेवढे बघितले. कुठल्या कॅफेची खुर्ची डुगडुगते, कुठे एका कॉफीवर दुपार काढली तरी वेटर तोंड वाकडं करत नाही, हे तिला तोंडपाठ झालं. आतली मंडळी बाहेर येऊन सांगत, अगं काय ते झुंबर, काय तो पुतळा, तू हवी होतीस! ते 'हवी होतीस' ऐकलं की तिच्या अंगाचा तिळपापड होई, आणि ती हसून खाऊचा डबा पुढे करी.

त्यातून ही माणसं प्रेमळ. नवऱ्याने औषधाच्या दुकानात खाणाखुणा करून तिच्या गुडघ्यांसाठी पट्टे आणले. दिराने बसायला फुगवायची उशी आणली. प्रत्येक ठिकाणचं तिकीटही तो तिच्यासाठी न चुकता काढायचा, अगदी पायांना बरं वाटलंच तर म्हणून, आणि ती न फाडलेली तिकिटं तिच्या पर्समध्ये साचत चालली होती.

आज सकाळी नाश्त्याच्या टेबलावर तिने मनाचा हिय्या केला. "आज मीही आत यावं म्हणते."

सगळ्यांचे चमचे थांबले.

"अगं, केवढे जिने आहेत तिथे," नवरा म्हणाला.

"उद्या विमानात पाय सुजले म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या. "आत्ता कुठे जरा आराम पडतोय."

"ताई, मी तुमच्यासाठी सगळ्याचा व्हिडिओ काढते ना," धाकटी म्हणाली. "अगदी एकेक खोली."

कुणी टाकून बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं. ही माणसं तिच्या पायांची काळजी करत होती, त्या न दुखणाऱ्या पायांची. माझे पाय दुखत नाहीत असं आत्ता म्हणावं, तर मग इतके दिवस पट्टे बांधून बसलीस ते काय, याचं उत्तर द्यावं लागणार. मोठीने खाली वाकून स्वतःच्याच हाताने पट्टे आवळले.

राजवाड्याच्या अंगणात एक कॅफे होता. मंडळी आत गेली आणि मोठी बॅगांच्या गराड्यात बसली. खुर्चीच्या एका बाजूला काळी बॅग, दुसऱ्या बाजूला धाकटीची, मांडीवर जॅकेटं. उठायचं म्हटलं तर आधी अर्धा संसार हलवायला हवा. समोर राजवाड्याच्या खिडक्यांची रांग होती. त्यांतल्या एकीच्या आत ती मुलगी उभी होती, आणि आपण इथे कॉफीवरचा फेस चमच्याने ढकलत बसलो आहोत.

पैसे द्यायला ती सामानावर एक डोळा ठेवून गल्ल्यापाशी गेली तर तिथे चित्रांची कार्डं मांडलेली. त्यात तिची मुलगीही होती. मोठीने कार्ड डोळ्यांजवळ नेलं, उजेडात धरलं. हातांच्या जागी इथेही काळोख. परत गेल्यावर मुलं विचारणार होती. बाई, तुम्ही तिकडे जाऊन आलात ना, मग काय आहे हातात? आणि बाई सांगणार होत्या, मी सामानापाशी बसले होते.

त्या विचारासरशी ती खुर्चीपाशी परतली आणि तिने सगळ्या बॅगा, जॅकेटं उचलली. काळी बॅगसुद्धा. जमा करायच्या काउंटरवर एक जाडजूड बाई होती. तिने काही न विचारता एकेक बॅग मागच्या फळीवर ठेवली आणि एक पितळी बिल्ला मोठीच्या हातात दिला. बस, एवढंच. आभाळ कोसळलं नाही. मोठीने गुडघ्यांचे पट्टे काढून पर्समध्ये कोंबले आणि जिना चढायला लागली.

राजवाड्यात वाट एकच होती. बाण दाखवतील तसं पुढे जायचं, मागे फिरायचं नाही. दारादारात उभे असलेले पहारेकरी हाताने पुढे पुढे करत. कुणाचा तरी आखूड पलंग, कुणाची तरी बंद पडलेली घड्याळं, पायाखाली कुरकुरणारी लाकडी जमीन, सगळं ओलांडत ती जवळजवळ पळत गेली. आणि त्या दालनात पोचली तर अख्खं घर तिथेच. सासू-सासरे बाकावर टेकलेले, नवरा त्यांना पाणी देतोय, आणि धाकटी एका मिशाळ राजापुढे दिराला उभं करून फोटो काढतेय.

सासऱ्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं.

"सामान कुठाय?"

"दिलं, बाबा. खाली काउंटरवर."

"कुणाकडे दिलंस?"

"तिथे एक बाई आहेत."

"कोण बाई? ओळख ना पाळख! अगं, पासपोर्ट आहेत त्यात!"

सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते आल्या वाटेने धावले, तर पहारेकऱ्याने हात आडवा करून त्यांना बाण दाखवला. मग काय, उरलेला सगळा राजवाडा पार केल्याशिवाय खाली उतरायला वाटच नव्हती. सासरे पुढे, मागे गुडघे धरत सासूबाई, त्यांच्यामागे दीर आणि धाकटी, अशी ती वरात राजाराण्यांच्या खोल्यांमधून धडधडत निघून गेली. नवरा तेवढा दारात थांबला.

"येतेस ना?"

"तुम्ही व्हा पुढे."

"बरं," म्हणून तो गेला. या वेळी मात्र तिला तेच हवं होतं. बिल्ला तिच्या मुठीत होता. तिच्याशिवाय त्यांना सामान मिळणार नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा सगळं घर तिच्यासाठी खोळंबणार होतं.

ती वळली. चित्र तिला वाटलं होतं त्यापेक्षा लहान होतं, पण त्यातला काळोख काळोख नव्हता. त्यात तपकिरी होतं, गर्द निळं होतं, आणि मुलीच्या मागे अर्धवट उघडं दार होतं. दाराआड मेणबत्त्या लावलेलं लांब टेबल, टेबलाभोवती हसणारी माणसं.

आणि तिच्या हातांत कोट होते. त्या माणसांचे कोट. जाड, गरम, एकावर एक रचलेले, वर कुणाचे हातमोजे, कुणाची टोपी. गाठोडं नव्हतं. ती कुठेच निघाली नव्हती. तिची हनुवटी वर होती, कारण वरचा कोट घसरू नये म्हणून तिने तो हनुवटीखाली दाबून धरला होता.

मोठीला रडू आलं. आपण इतकी वर्षं पोरांना त्या मानेचं कौतुक सांगत आलो, याची तिला लाज वाटली, आणि त्या मुलीचा भयंकर राग आला, आणि मग कीव. कोटांबद्दल सांगितल्यावर मुलं काय विचारतील तेही तिला तिथल्या तिथे ऐकू आलं. पोरं कधी गप्प बसायची! "बाई, मग ती खाली का नाही ठेवत?"

पहारेकऱ्याने दालन बंद होत असल्याची खूण केली तेव्हा ती निघाली.

खाली काउंटरपाशी सगळे उभे होते. बॅगा समोर फळीवर दिसत होत्या, पण बिल्ल्याशिवाय ती जाडजूड बाई हात लावू देईना, आणि सासरे तिला मराठीत रागावत होते. मोठीने बिल्ला पुढे केला. सासऱ्यांनी काळी बॅग उघडून पासपोर्ट चाचपले, गोळ्या पाहिल्या, खाऊचा डबासुद्धा उघडून पाहिला. सगळं जागच्या जागी होतं.

"आणि तुझे पाय गं?" सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "एवढे जिने चढलीस."

"आई, माझे पाय कधी दुखतच नव्हते."

तिने पर्समधून गुडघ्यांचे पट्टे काढून नवऱ्यापुढे धरले.

"मग पहिल्याच दिवशी सांगायचंस की!" नवरा म्हणाला. त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "आम्ही काय तुला नाही म्हणालो असतो?"

"मला वाटलं, तुम्ही एकदा तरी आग्रह कराल."

धाकटीने मान खाली घातली. दीर उगाच बॅगेचा पट्टा नीट करत बसला. मग बाहेर गार वारा सुटला होता म्हणून, की बोलणं टाळायला म्हणून, सगळे निघाले. आणि निघता निघता, काही मनात न आणता, केवळ सवयीने, धाकटीची बॅग, दिराचा कॅमेरा, सासऱ्यांची टोपी मोठीच्या हातात आली. सगळ्यांत वर काळी बॅग.

पायऱ्यांवर सासूबाई थांबल्या. त्यांनी मागे वळून मोठीकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी पाहिलं नसेल. मग त्या दोन पायऱ्या चढून परत वर आल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"आण ती बॅग इकडे. मी धरते."

मोठीच्या हातांना रग लागली होती. बॅग घसरत होती, तिने ती हनुवटीने दाबून धरली होती. तिला ती द्यायची होती. अगदी मनापासून द्यायची होती.

"नको, नको," तिच्या तोंडून गेलं. "असू दे, आई."

"बरं," सासूबाई म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरू लागल्या.