कृष्णाच्या हातावरची गाठ

वेड्यांच्या दवाखान्यात काय चालतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. पडद्यावर पंचवीसदा पाहिलं होतं: आडदांड वॉर्डबॉय, हातात दंडुका, मग विजेचा झटका. माझा धाकटा भाऊ कृष्णा आठ दिवस कुणाशी अक्षर बोलला नव्हता, जेवत नव्हता. त्याला वैजापूरहून संभाजीनगरला आणताना मी त्याचे हात सुतळीनं बांधले. सिनेमात पेशंटला बांधूनच आणतात ना! आईनं बजावलं होतं, "गोकुळ, कुणी हात उगारला तर पोराला तसंच माघारी आण."

वॉर्डातून एक माणूस बाहेर आला. सहा फूट उंची, पिळदार मिशा, मनगट माझ्या पोटरीएवढं. म्हटलं, झालं! हाच तो. ते वॉर्डाचे ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स होते, फकिरा नावाचे.

ते सरळ कृष्णासमोर फरशीवर बसले.

"ब्लेड घ्या," मी म्हणालो. "मार्केट यार्डातली गाठ हाये. सुटायची नाय."

"नको. ब्लेड पाहून घाबरतील ते."

आणि नखांनी गाठ उकलत बसले. पंधरा मिनिटं झाली. बाहेर रांग, आत फोन वाजतोय, पण या बाबाला घाई म्हणून नाही. मी आ वासून पाहत राहिलो. मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या शिवण्यात आम्हा दोघा भावांचं आयुष्य गेलं, पण एवढा धीर मी जन्मात पाहिला नव्हता.

शेवटी ते हसले. "कृष्णाभाऊ, हरलो बुवा. तुम्हीच सांगा, कुठनं सोडू?"

कृष्णानं गाठीकडे पाहिलं. ओठ हलले.

"त्यो नाय. आखूड पदर वढा."

फकिरांनी ओढला. सुतळी सरसर सुटून खाली पडली. आठ दिवसांनी भावाचा आवाज ऐकला आणि मला रडू आवरेना.

त्याच्या मनगटांवर लाल वळ उठले होते. फकिरा मलम लावत असताना कृष्णानं माझ्याकडे पाहिलं.

"दादा, यवढं आवळून का बांधलं रे?"

मग तो फकिरांचा हात धरून आत गेला. मी सुतळी उचलून खिशात कोंबली आणि आईला फोन लावला.

"माघारी आणत नाय गं त्याला. इथं कुणी बांधत नाय. म्याच बांधलं व्हतं."